गोष्टीतून पाळण्यात

मच्छिंद्र माशाच्या पोटातून जन्मला, गोरख उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून, जालिंदर यज्ञाच्या अग्नीतून आणि कानिफ हत्तीच्या कानातून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या बाजारात किंवा कोल्हापूरकडे निघालेल्या एसटीत ही नावं मोठ्यानं पुकारली, तर कुणी ना कुणी मान वळवून बघणारच. मच्छिंद्र, गोरख, जालिंदर, नवनाथ ही पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांची रोजच्या वापरातली नावं. ती मिरवणारी माणसं ऊस लावतात, डेअरीला दूध घालतात, शाळेत शिकवतात. त्यांच्या नावामागे केवढी अचाट जन्मकथा उभी आहे, याची हाक मारणाऱ्याला आठवणही नसते.

ही नावं घरोघरी पोचवली ती प्रामुख्यानं ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीनं. धुंडिसुत मालू यांनी ती १८१९ साली पूर्ण केली. तिच्या चाळीस अध्यायांत काय नाही? शाबरी मंत्र आहेत, एकमेकांना भिडणारी अस्त्रं आहेत, सोन्याचा होणारा डोंगर आहे, जिथे पुरुषाला थारा नाही असं स्त्रीराज्य आहे. श्रावणात पारायणाला बसणाऱ्या भाविकासाठी ही कल्पित कथा नाही, ती श्रद्धा आहे, आणि मुलाचं नाव नवसानंच ठेवलं जातं. पण त्याच पारायणात आजीच्या मांडीवर बसलेलं पोर कान देऊन ऐकतं ते चमत्कार. श्रद्धा आणि अद्भुत यांची अशी घट्ट वीण मराठी घरात पहिल्यापासून आहे. ती पडद्यावरही कोल्हापुरातूनच आली. प्रभात फिल्म कंपनी पुण्याला जाण्याआधी, १९३२ साली, व्ही. शांताराम यांनी कोल्हापुरात ‘माया मच्छिंद्र’ काढला. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ झाले आणि दुर्गा खोटे स्त्रीराज्याच्या राणी.

म्हणूनच अमेरिकेतले आईबाप मुलींना ‘खलीसी’ असं नाव ठेवतात हे ऐकून मराठी माणसानं फार नवल करण्याचं कारण नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबरीमालेचा पहिला भाग १९९६ साली आला आणि तिच्यावरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका २०११ ते २०१९ अशी आठ पर्वं चालली. तिच्यातली डेनेरिस ही परागंदा राजकन्या ड्रॅगन वाढवते, गुलामांच्या बेड्या तोडते. एका भटक्या घोडेस्वार टोळीच्या भाषेत तिला खलीसी म्हणतात, म्हणजे टोळीप्रमुखाची राणी. ही भाषाही मालिकेसाठी घडवलेली. मालिकेआधी हे नाव जवळजवळ कुठेच ऐकू येत नव्हतं. २०१८ या एका वर्षात अमेरिकेत ५६० मुलींच्या जन्मनोंदीत ते आलं.

पुढच्याच वर्षी मालिकेचा शेवट झाला आणि त्या शेवटात हीच नायिका शरण आलेल्या शहरावर ड्रॅगन सोडून ते जाळून टाकते. ज्या आईबापांनी तिच्या न्यायबुद्धीवर भाळून लेकीला तिचं नाव दिलं होतं, त्यांच्या मनाला काय वाटलं असेल याच्या बातम्या तेव्हा जगभर छापून आल्या. २०२४ साली ब्रिटनमध्ये खलीसी नावाच्या एका सहा वर्षांच्या मुलीचा पासपोर्ट सुरुवातीला अडला. नावाचा व्यापारी हक्क चित्रपट कंपनीकडे आहे, तेव्हा कंपनीची परवानगी आणा, असं सांगण्यात आलं. नंतर चूक कबूल होऊन अर्ज पुढे गेला. ज्या कथेचा लेखक अजून लिहितो आहे आणि जिचे हक्क कंपनीच्या हातात आहेत, तिच्यातलं नाव घेताना काय काय सोबत येतं, हे या दोन प्रसंगांतून कळतं. मच्छिंद्रनाथांच्या कथेत आता कुणी नवा अध्याय घालणार नाही.

भारतीय भाषांमध्ये अद्भुतकथेतल्या पात्रांची नावं किती मुरलेली आहेत, याचा सगळ्यात मोठा पुरावा मराठी वाचक रोज उच्चारतो. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टानं एक संस्कृत गद्यकथा रचली. तिच्यात माणसासारखं बोलणारा पोपट आहे, शाप आहेत, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात गेलेली प्रेमं आहेत आणि गंधर्वकुळातली एक राजकन्या आहे. त्या राजकन्येचं नाव कादंबरी. मराठीनं आणि कानडीनं लांबलचक कल्पित कथेच्या अख्ख्या प्रकारालाच तिचं नाव देऊन टाकलं. मुलींचं नाव म्हणूनही ते चालू राहिलं. रवींद्रनाथ ठाकुरांच्या वहिनी कादंबरीदेवी, आजच्या मराठी अभिनेत्री कादंबरी कदम. कथेतल्या कादंबरीची मैत्रीण महाश्वेता हिचं नाव बंगालीतल्या थोर लेखिका महाश्वेतादेवींना होतं. राजपुत्र चंद्रापीडाची सेविका पत्रलेखा, तिचंही नाव आज मुलींना असतं. एका जुन्या अद्भुतकथेतली तीन स्त्रीपात्रं तेराशे वर्षांनंतरही हाकेला ओ देतात. याउलट चंद्रापीड हे नाव कुठल्या मराठी मुलाला असल्याचं सहसा ऐकू येत नाही. नाव जगण्यासाठी पात्र थोर असून भागत नाही, ते जिभेवर बसावं लागतं.

आणखी मागे गेलं तर वाट महाराष्ट्रातच येऊन पोचते. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ परंपरेनुसार प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या काळातली. मूळ ग्रंथ हरवला, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्यावरून ‘कथासरित्सागर’ लिहिला आणि त्यात विद्याधर, यक्ष, उडणारी यंत्रं, वेताळ सगळे टिकून राहिले. वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यातल्याच. पुढे ‘चांदोबा’ मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली आणि खांद्यावर प्रेत टाकून चाललेला विक्रम खेड्यातल्या पोरांनाही माहीत झाला. विक्रम हे नाव प्रत्येक गावात सापडतं. वेताळ मात्र मुलाला कुणी म्हणत नाही. घाट उतरून गेल्यावर सिंधुदुर्गात आरवलीला वेतोबाचं जागृत देवस्थान आहे, त्याच्या पायी भल्यामोठ्या वहाणा वाहिल्या जातात, तरीही नाही.

मराठीतल्या सुरुवातीच्या छापील कादंबऱ्यांपैकी काही आल्या त्याही अद्भुताचं बोट धरून. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. दोन्हींची नावं नायिकांवरूनच. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. हे वाचणारा वर्ग तेव्हा छोटा होता, शहरी होता. गावोगावच्या वाचनालयांपर्यंत अद्भुत पोचवलं ते नंतरच्या लेखकांनी, आणि त्यात नाथमाधवांचं नाव पहिल्यांदा घ्यायला हवं.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. जन्म १८८२ चा. तरुणपणी ते सिंहगडावर कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं शरीर कायमचं निकामी झालं. अंथरुणाला खिळलेल्या या माणसानं एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या आणि १९२८ साली, वयाच्या पन्नाशीच्याही आधी, तो गेला. त्यांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी मराठी वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचली, आजोबांच्या ट्रंकेतून काढून नातवांनी वाचली. ज्याला स्वतःला जागेवरून हलता येत नव्हतं, त्याच्या नायकानं वाचकांना भुयारांतून, किल्ल्यांतून, जंगलांतून फिरवून आणलं, ही गोष्ट आजही मनाला भिडते.

वीरधवल हे नाव मुळात इतिहासातलं. तेराव्या शतकात गुजरातेत धोळक्याला वाघेला घराण्यातला वीरधवल राज्य करत होता आणि अबूच्या पहाडावर संगमरवरी मंदिर उभारणारा तेजपाल त्याचाच मंत्री. पण मराठी कानाला ते ओळखीचं केलं नाथमाधवांनी. आज कोल्हापुरात वीरधवल म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो वेगळाच नायक. १९९१ साली कोल्हापुरात जन्मलेला जलतरणपटू वीरधवल खाडे २००८ साली, सतराव्या वाढदिवसाच्या आतच, बीजिंग ऑलिंपिकच्या तलावात उतरला. २०१० मध्ये ग्वांगझू इथल्या आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. १९८६ च्या खजान सिंगनंतर जलतरणात भारताला मिळालेलं ते पहिलं आशियाई पदक. पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला, महसूल खात्यात तहसीलदाराची नोकरी आली. नावाचा उगम इतिहासात शोधा नाहीतर कादंबरीत, ते नाव आता त्याचं झालं आहे. कोल्हापूरच्या तलावांवर सकाळी पोहायला येणाऱ्या मुलांना धोळक्याचा राजाही माहीत नसतो आणि नाथमाधवही. त्यांना खाडे माहीत असतो.

गारगोटी जिथे वसली आहे त्या वेदगंगेच्या खोऱ्याभोवती मराठीतल्या तीन फार मोठ्या कथाकारांची गावं आहेत, हा योगायोग या विषयात विसरून चालत नाही. उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या कोल्हापुरात वि. स. खांडेकर राहिले. शेजारच्या आजरा तालुक्यातलं आजरा हे शिवाजी सावंतांचं गाव. त्याच्याही पलीकडे चंदगड तालुक्यातल्या कोवाडला रणजित देसाई शेती करत लिहीत होते. ‘ययाति’ १९५९ साली आली, ‘स्वामी’ १९६२ साली आणि ‘मृत्युंजय’ १९६७ साली. आठ वर्षांत तीन पुस्तकं, आणि तिन्ही वाचनालयाच्या कपाटात कधी टिकत नसत, सतत कुणाच्या तरी घरी असत.

ययातीच्या कथेत संजीवनी विद्या आहे, जाळून राख केलेला आणि मद्यात मिसळून पाजलेला कच पोटातून जिवंत बाहेर येतो, म्हातारपण मुलाला देऊन त्याचं तारुण्य घेता येतं. जगातल्या कुठल्याही फँटसीत याहून धाडसी कल्पना सापडणं अवघड. खांडेकरांनी देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाती यांना आपापली बाजू स्वतः सांगायला लावली. दोघींचं एकमेकींशी पटत नाही, पण मराठी आईबापांनी दोघींचीही नावं मुलींना दिली. खांडेकरांना या कादंबरीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा तो मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक ठरले.

‘मृत्युंजय’ची गोष्ट आणखी वेगळी. ती प्रसिद्ध झाली तेव्हा सावंत सत्तावीस वर्षांचे होते. महाभारतात कर्णाच्या संसाराला फारशी जागाच नाही. सावंतांनी कर्णाची पत्नी वृषाली आणि भाऊ शोण यांना कुंती, दुर्योधन, कृष्ण यांच्या बरोबरीनं बसवून निवेदक केलं. नवऱ्याच्या अंगावरची कवचकुंडलं, त्याचा अपमान, त्याचं एकटेपण हे सगळं वृषालीच्या डोळ्यांनी पाहत मराठी बायकांनी ती कादंबरी वाचली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मराठी बायकांत वृषाली हे नाव जागोजागी भेटतं. देसाईंनीही कर्णावर ‘राधेय’ लिहिली आणि राधेय हे आईवरून आलेलं नाव मुलग्यांना मिळू लागलं.

कर्ण या भागाला इतका जवळचा का वाटला असावा? याचं उत्तर कथेइतकंच या मातीत आहे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. गारगोटीत शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी ग्रामीण मुलांसाठी मौनी विद्यापीठ उभं केलं आणि त्याला पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव दिलं. कुळावरून माणसाची पारख करू नका, हे इथल्या घरांनी सोसून आणि शिकून आत्मसात केलं होतं. रंगमंडपात सगळ्यांसमोर ज्याला कूळ विचारलं जातं आणि ज्याला उत्तर देता येत नाही, तो कर्ण घरात पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचलेल्या वाचकाला आपला वाटणारच. अशा वाचकानं मुलाला राधेय म्हटलं तर त्यात हौस कमी आणि भूमिका जास्त असते.

कोल्हापूरच्या मातीत आणखी एक परका वीर असा मुरला आहे की तो परका आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. फिर्दौसीनं १०१० च्या सुमारास फार्सीत ‘शाहनामा’ पूर्ण केला. त्यातला रुस्तम राक्षसांना लोळवतो, त्याच्या वडिलांना सीमुर्ग नावाच्या महाकाय पक्ष्यानं वाढवलेलं असतं. रुस्तम, सोहराब, जमशेद, तहमीना ही नावं पारशी घरांत शतकानुशतकं चालत आली, मुस्लिम घरांतही रुजली. आणि तालमीत तर रुस्तम हा किताबच झाला. राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे मल्ल दादू चौगुले ‘रुस्तम-ए-हिंद’ झाले तेव्हा कोल्हापूरनं त्यांना डोक्यावर घेतलं. इराणच्या कथेतला वीर, अर्जुनाच्या नावाचं गाव आणि शाहूंच्या काळापासूनचा आखाडा एकाच माणसात भेटले.

आता घरात नाव ठरतं कसं, तेही पाहायला हवं. बाराव्या दिवशी बारसं, पाळणा सजवलेला, घुगऱ्यांचा वास, आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. नाव सांगताना तिच्या पाठीत धपाटे बसतात आणि तिला साडीचोळीही मिळते. त्याआधी भटजींकडून जन्मनक्षत्राच्या चरणाचं अक्षर आलेलं असतं, त्यावरून नावरस नाव निघतं. अश्विनी नक्षत्रावरच्या बाळाला चू, चे, चो, ला, तर रोहिणीवरच्या बाळाला ओ, वा, वी, वू. पूर्वी या चौकटीत घरातल्या थोरांचं नाव बसायचं किंवा कुलदैवताचं. जोतिबाचा जोतीराम, भुदरगडावरच्या भैरवनाथाचा भैरू, आदमापूरच्या बाळूमामांच्या कृपेनं झाला म्हणून बाळू. मुलं जगत नसतील तर दगडू, धोंडू, केरबा, म्हणजे कुणाची नजर लागू नये.

हल्ली अक्षर तेवढं पंचांगातून येतं आणि नावाचा शोध मोबाइलवर सुरू होतो. आईचा शब्द पूर्वीपेक्षा जास्त चालतो, आणि तो चालायलाच हवा. नव्या आईबापांची गोष्टींची पोतडीही वेगळी आहे. ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग इंग्रजीत १९९७ साली आला आणि पुढे भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं तो ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावानं मराठीत काढला. ती पुस्तकं शाळकरी वयात वाचलेली मुलं आता स्वतः बाळाचं नाव शोधण्याच्या वयात आली आहेत. तरी गारगोटीत कुणी मुलाला हॅरी म्हणत नाही. कारण नाव एकटं राहत नाही. त्याच्यामागे वडिलांचं नाव आणि आडनाव लागतं, ते आजीला अंगणातून हाक मारताना जमावं लागतं, शाळेत हजेरीला ऐकून वर्गानं हसता कामा नये. या चाळणीतून पात्रं जातात ती थोडी. उरलेल्यांना टोपणनावात जागा मिळते. जन्मदाखल्यावर आजोबांच्या पसंतीचं नाव आणि घरात मोगली, सिंबा किंवा छोटा भीम, ही वाटणी अनेक घरांनी शांतपणे मान्य केली आहे. टोपणनावाला भटजी लागत नाही, दाखला लागत नाही, आणि बहुतेकदा ते आईनं किंवा मोठ्या भावंडानं ठेवलेलं असतं. माया त्यातच जास्त असते.

खलपात्रांची नावं पाळण्यात जात नाहीत, पण ती वायाही जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिल्यावर महाराष्ट्रात बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि त्यात एका बैलाचं नाव सगळ्या मैदानांवर गाजलं, ते बकासुर. गाडाभर अन्न आणि एक माणूस खाणाऱ्या राक्षसाचं नाव शर्यतीच्या बैलाला शोभतं, त्याची भूक आणि ताकद दोन्ही त्यात येतात. आपल्या लेकराला जे नाव देताना हात थरथरेल ते जिवापाड जपलेल्या जनावराला अभिमानानं देता येतं.

बाहेरच्या जगात ही चाल कशी पसरली ते पाहिलं तर काही हकिगती मन वेधून घेतात. इंग्रजीतलं वेंडी हे नाव जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’ या १९०४ सालच्या नाटकानं रुळवलं. त्यांच्या कवी मित्राची लहानगी मुलगी बोबड्या बोलीत त्यांना ‘माझा फ्रेंड’ म्हणायला जायची आणि भलतंच काही उच्चारायची. ती पाच-सहा वर्षांची असताना वारली. तिचा तो शब्द बॅरींनी नायिकेला दिला आणि पुढे तो हजारो मुलींना मिळाला. १९८४ च्या ‘स्प्लॅश’ या चित्रपटात माणसांत आलेली जलपरी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची पाटी वाचून स्वतःचं नाव मॅडिसन ठेवते. तोवर ते मुलीचं नाव नव्हतंच जवळजवळ. २००१ साली अमेरिकेत मुलींच्या नावांत ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. अभिनेते रॉबिन विल्यम्स यांनी मुलीचं नाव व्हिडिओ गेममधल्या राजकन्येवरून झेल्डा ठेवलं, तर निकोलस केज यांनी मुलाला सुपरमॅनचं जन्मनाव काल-एल दिलं.

उलट्या दिशेचा प्रवास मात्र सुखाचा झाला नाही. ए. ए. मिल्न यांनी आपल्या मुलाचंच नाव, ख्रिस्तोफर रॉबिन, ‘विनी द पू’च्या गोष्टींत घातलं. पुस्तकं जगभर गेली आणि शाळेत त्या मुलाला चिडवणं सुरू झालं. मोठेपणी, १९७४ साली लिहिलेल्या आत्मकथनात त्यानं या नावाच्या ओझ्याबद्दल मोकळेपणानं लिहिलं. मुलाला गोष्टीतलं नाव देणाऱ्या प्रत्येक आईबापानं ते पुस्तक वाचावं, कारण गोष्ट आईबापांची आवडती असते आणि नाव घेऊन वर्गात बसावं लागतं ते मुलाला. दुसरीकडे टॉल्किन यांची कबर आहे. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत त्यांच्या पत्नीच्या नावाखाली लुथियन आणि त्यांच्या नावाखाली बेरेन अशी अक्षरं कोरली आहेत. दोघं त्यांच्याच कथेतले प्रेमिक. पाळण्यात मिळालेलं नव्हे, आयुष्यभराच्या सोबतीनं कमावलेलं नाव.

दोन नावांच्या बाबतीत तर जुनं आणि नवं एकाच वेळी येऊन भिडलं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली तलवार चालवणारी मुलगी आर्या पाश्चात्त्य घरांत फार लोकप्रिय झाली. पण महाराष्ट्राला आर्या आधीच ठाऊक होती. ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’मधून २००८-०९ मध्ये घराघरांत पोचलेली गायिका आर्या आंबेकर जन्मली १९९४ साली, म्हणजे मार्टिन यांचं पुस्तक यायच्या दोन वर्षं आधी. आज मराठी घरात एखादी छोटी आर्या असेल तर तिच्या आजीच्या मनात देवी असते आणि बाबांच्या मनात ती तलवार असू शकते. दोघांचंही समाधान होतं, भांडण होत नाही.

दुसरं नाव बाहुबली. एस. एस. राजामौली यांचा चित्रपट २०१५ आणि २०१७ मध्ये दोन भागांत आला, शिवलिंग खांद्यावर घेऊन निघालेला नायक आणि माहिष्मतीचं कल्पित राज्य पोरांच्या खेळात उतरलं. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र हे नाव फार जुनं. हातकणंगले तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबली नावाचं तीर्थक्षेत्रच आहे, तिथे भगवान बाहुबलींची संगमरवरी उभी मूर्ती आहे, आणि या भागातल्या जैन घरांत बाहुबली हे आजोबांचं नाव असतं. त्या बाहुबलींची ख्याती राज्य जिंकून घेण्याची नाही, जिंकलेलं राज्य सोडून उभ्यानं तपाला लागण्याची. चित्रपट पाहून आलेल्या नातवाला आजोबांनी ही मूळ कथा सांगितली, तर एका नावात त्याला दोन वीर मिळतील.

आपल्या देशात नाव काय असावं हे सरकार सांगत नाही, ही फार मोलाची मोकळीक आहे. आइसलंडमध्ये नव्या नावांना मान्यता देणारी अधिकृत समिती असते. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्यानं पंचांगातल्या संतांची आणि प्राचीन इतिहासातली नावंच चालत, आणि ते बंधन पूर्णपणे उठायला १९९३ साल उजाडलं. भारतात जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव त्याच वेळी द्यायला हवं असं नाही. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ते घालण्याची सोय आहे. बारशाच्या बाराव्या दिवसाची घाई परंपरेची आहे, कायद्याची नाही. मनात एखाद्या कादंबरीतलं नाव घोळत असेल तर ती कादंबरी पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचून काढायला तेवढा वेळ पुरतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा मानला जातो, त्यामुळे त्यावरचं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्ही नीट तपासून घेतलेलं बरं. वृषालीच्या ‘वृ’चं इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डावर एक आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं आलं की पुढे राजपत्रात नावबदल छापून आणण्याची धावपळ करावी लागते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. म्हणजे भुदरगड तालुक्यात आज एखाद्या मुलाचं नाव राधेय ठेवलं, तर दाखल्यावर त्याच्यालगत त्याच्या आईचं नाव असेल, मग ते वृषाली असो, शर्मिष्ठा असो किंवा आणखी काही.